वाकडे पाव घरचे

ताईंचा हात प्लास्टरमध्ये गेला आणि घरातल्या प्रत्येकाला एकाएकी स्वतःचं मत फुटलं. एरवी या घरात मत एकाच माणसाचं असे. ते माणूस पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भट्टी पेटवी, पीठ बघे आणि बाकीचे डोळे चोळत खाली येईपर्यंत दिवसाची वाटणी करून मोकळं होई. आता तेच माणूस बेकरीच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसलं होतं, उजवा हात गळ्यात अडकवलेला, आणि चेहरा असा, की हात दुसऱ्या कुणाचा तरी मोडलाय आणि शिक्षा मात्र आपल्याला झालीय.

गुरुवारी ओल्या फरशीवरून पाय घसरला. फरशी कुणी ओली ठेवली या वादात शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी खरा प्रश्न समोर आला: उद्याची भाकर कोण करणार?

उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा: चर्चमध्ये सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा घ्यायचा. मंडळीच्या मेजावर ठेवायची भाकर याच बेकरीतून जाई, आणि ती घरच्याच हातांनी मळायची हा बाबांचा दंडक होता. बाबा गेल्यावर तो मान ताईंकडे आला. गोल, गुबगुबीत, वर सुरीची एक सरळ चीर आणि चारी बाजूंनी एकसारखा रंग. कारागिरांनी काय, सख्ख्या भावांनीही त्या पिठाला कधी बोट लावलं नव्हतं. दोन्ही कारागीर शनिवारी दुपारी घरी गेले की ताई दार लोटून घेत आणि एकट्याच मळत बसत.

"मी डाव्या हातानं करते," त्या आताही म्हणाल्या आणि उठून परात ओढायला लागल्या. परात टेबलाच्या कडेपर्यंत आली, तिथं कलंडली, आणि अर्धं पीठ त्यांच्याच चपलांवर सांडलं. कुणी हसलं नाही. हसण्याची टाप कुणाची होती?

वहिनींनी झाडू उचलला. वहिनी म्हणजे ताईंच्या पाठच्या भावाची बायको. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्या वहिनीच. आधी ताईंच्या आणि धाकट्या दिराच्या, मग गिऱ्हाइकांच्या, कारागिरांच्या, पुढं सगळ्या गल्लीच्या. पोटची लेकसुद्धा चिडली की त्यांना वहिनी म्हणे. या घरात सासू नाही म्हणून त्यांच्या माहेरी सगळ्यांना हायसं वाटलं होतं. त्यांनी नणंद नीट बघितली नव्हती.

पण न्यायानं बोलायचं तर वहिनींना या नणंदेचं कौतुकही तितकंच होतं. सासूबाई गेल्या तेव्हा ताईंचं शाळेचं वय होतं. तेव्हापासून दोन भाऊ, म्हातारे होत जाणारे बाबा आणि ही भट्टी, सगळं त्यांनी एका हाती रेटलं. भट्टीची भिंत कोसळली त्या वर्षी तर त्यांनी विटा स्वतः उचलल्या होत्या. लग्नाचा विषय निघाला की पीठ भिजवलंय म्हणून उठून जात. अशी बाई दुसऱ्या घरात असती तर वहिनी तिच्या पाया पडायला गेल्या असत्या. एकाच घरात राहायचं म्हणजे रोज पाया पडता येत नाही, कधीकधी भांडावंही लागतं.

तर टेबलाभोवती बैठक बसली. भाऊंना, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला, पिठाच्या धुळीनं दमा जडलेला. डॉक्टरांनी त्यांना पीठबंदी केल्यापासून ते गाडीतून पाव पोचवायचं आणि भट्टीच्या लाकडांचं बघत. स्वभावानं ते अळीमिळी गुपचिळी. धाकटे दीर शाळेत संगीत शिकवत आणि दर रविवारी उपासनेत ऑर्गन वाजवत. त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि पिठात त्यांनी लहानपणी घातलेला गोंधळ अजून सांगितला जाई. भाऊंची लेक नर्स होती. तिची संध्याकाळची पाळी होती आणि तिचा सगळा जीव आत्याच्या मनगटावर.

"आत्या, हात हलवलास तर हाड वाकडं जुळेल," ती म्हणाली.

"जुळू दे. मला काय सभेत हात दाखवायचाय?"

मास्तरांनी मधला मार्ग काढला. या महिन्यापुरत्या भाकरीऐवजी बाजारातल्या तयार चकत्या आणू, बऱ्याच मंडळ्यांत त्याच वापरतात, पाळकांशी मी बोलतो. लेकीला ते पटलं. भाऊंनी मान डोलावली, ती होकाराची की नुसती सवयीची हे कळायला मार्ग नव्हता. बघता बघता तिघं एका बाजूला झाले. वहिनींना वाटलं, आता ताई परात आपटणार.

त्यांनी परात आपटली नाही. त्या सावकाश परत स्टुलावर बसल्या, नेहमीसारख्या अगदी कडेवर, आणि म्हणाल्या, "भाकर माझी नसेल तर मी तिथं काय म्हणून येऊ? मी नाही येत उद्या."

हे मात्र नवीन होतं. ताप असो, पाऊस असो, ताईंचा रविवार कधी चुकला नव्हता. मास्तर बहिणीची समजूत घालू लागले, लेक बाटलीतलं पाणी पुढं करू लागली. वहिनी झाडू हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात एक गोष्ट वर्षानुवर्षं भिजत घोंगड्यासारखी पडलेली होती. ती बोलायची तर आज, नाहीतर मग कधीच नाही.

"वन्सं," त्या म्हणाल्या.

भाऊंनी चटकन वर बघितलं. आपली बायको बहिणीला एरवी ताई म्हणते आणि वन्सं म्हणते तेव्हा काहीतरी पेटणार असतं, एवढा त्यांचा संसाराचा अभ्यास होता.

"तुमची भाकर आम्हा सगळ्यांच्या पोटात जाते. तुमच्या पोटात कधी गेलीय का?"

लेकीला कळलं नाही. म्हणजे काय, असं तिनं विचारलं.

"म्हणजे ताट बाकावरून फिरत येतं, आणि ह्या ते तसंच माझ्याकडं देतात. मी शेजारी बसते ना गं. मी या घरात आल्यापासून बघतेय. घेत नाहीत."

मास्तर मंडळीकडं पाठ करून ऑर्गनवर बसत, त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. भाऊ पुढं ताट फिरवणाऱ्यांत असत, पण दुसऱ्या बाजूच्या बाकांकडं. वहिनींनाही आधी वाटलं होतं की ताईंचा उपास असेल. मग वाटलं, हा गर्व आहे, सगळ्यांच्या पंगतीत बसायला बाईंना नको. आणि मग त्यांनी मूग गिळले, कारण असं कुणाला विचारतात का? विचारीन विचारीन म्हणतच वर्षं गेली.

ताईंनी नाकारलं नाही. प्लास्टरवरचं पीठ त्या बोटानं पुसत राहिल्या.

"बाबा काय म्हणायचे आठवतंय ना?" त्या भावांना म्हणाल्या. "भट्टीवाल्यानं शेवटी जेवायचं. आधी गिऱ्हाईक, मग घर, मग आपण. मी तेच करते. म्हणते, सगळ्यांचं होऊ दे."

"सगळ्यांचं होईतो ताट परत मेजावर गेलेलं असतं," वहिनी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज उतरला होता.

"हो. जातं."

ताई पुढं बोलल्या, आणि वहिनींना पहिल्यांदाच त्यांचा आवाज म्हातारा वाटला. "खरं सांगायचं तर तेवढंच नाही. नीट न फुगलेला पाव मी दुकानात पुढं मांडू देत नाही. मग मी स्वतः कोणत्या तोंडानं पुढं होऊ? माझी जीभ कशी आहे ते कारागिरांना विचारा. प्रार्थनेला डोळे मिटले की अर्ध्यात भट्टी आठवते. दर महिन्याला म्हणते, एवढा महिना जरा नीट वागू, मग पुढच्या वेळी घेऊ. नीट वागणं काही होत नाही. म्हणून भाकर तरी चांगली करते. तेवढं प्रभूपुढं ठेवता येतं. आता तेही गेलं."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींना स्वतःच्या कानफटात मारून घ्यावंसं वाटलं. एवढी वर्षं आपण जिला गर्विष्ठ समजलो, ती बाई उंबऱ्याबाहेर उभी राहून आतल्यांना वाढत होती.

मास्तरांनी घसा खाकरला. "ताई, अगं कृपा म्हणजेच मुळी…"

"तू पेटी वाजव," ताई म्हणाल्या.

एवढ्यातही सगळ्यांना हसू आलं, मास्तरांनासुद्धा. मग ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे. कृपेची गाणी मीच वाजवतो, आणि एक सूर चुकला की आठवडाभर घशाखाली घास उतरत नाही. मी तुला काय शिकवणार. आपण सगळे एकाच भट्टीतले."

आणि मग भाऊ बोलले. भाऊंचं बोलणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

"ताई, वाकडे पाव बाबा कुठं ठेवायचे?"

ताईंनी कपाळाला आठी घातली. हे काय विचारणं झालं? भट्टीतून निघालेला जो पाव एका बाजूला बसे, फुटे, करपे, तो दाराजवळच्या पाटीत पडायचा. अजूनही पडतो.

"पाटीत," त्या म्हणाल्या.

"आणि पाटी?"

"घरी जायची. वर."

"टाकून दिला बाबांनी कधी एखादा?"

"पाव टाकतात होय कुणी? आपण तेच खाऊन वाढलो. वाकडे पाव घरचे, म्हणायचे बाबा. चांगला पाव मला कधी मिळालाच नाही लहानपणी." बोलता बोलता त्या थांबल्या.

भाऊंना धाप लागली होती. एवढं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि हवेत पीठही होतं. त्यांनी लेकीनं पुढं केलेलं औषध ओढलं आणि श्वास जागेवर आल्यावर अगदी हळू म्हणाले, "विकायचा असतो तो पाव निवडून घेतात गं. आपल्याला कुणी विकायला मांडलेलं नाही, ताई. आपण घरचे आहोत. प्रभूचं मेज म्हणजे दुकान नाही."

वहिनी नवऱ्याकडं बघत राहिल्या. या माणसाशी संसार करून आपण त्याला ओळखतो असं त्यांना वाटत होतं, आणि हा माणूस एवढी वर्षं हे पोटात ठेवून गाडीतून पाव वाटत फिरत होता. त्या क्षणी त्यांना तो फार आवडला, आणि तसं त्यांनी नंतर त्याला सांगितलंही.

मग ताई उठल्या. "चकत्या आणायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "भाकर ही करेल." त्यांनी हनुवटीनं वहिनींकडं खूण केली. "एवढं तोंड चालवलंय, आता हातही चालू दे."

वहिनींच्या हातातला झाडू पडला. त्यांचं सगळं आयुष्य दुकानाच्या पुढच्या बाजूला गेलेलं. तुझा हात गिऱ्हाइकांना पाव बांधून द्यायलाच बरा, हे ताईंचंच वाक्य. एकदा हौसेनं मळायला बसल्या होत्या तेव्हा त्या पिठाचं काय झालं हे अजून घरात दंतकथेसारखं सांगतात. पण आता नाही म्हणायची सोय नव्हती. उद्या येणार का, हे मात्र ताईंनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

लेक ड्यूटीवर गेली, मास्तर सरावाला गेले. जाताना लेकीनं आत्याकडून वचन घेतलं होतं की ती स्टुलावरून उठणार नाही आणि तोंडातून सूचना काढणार नाही. पहिलं ताईंनी पाळलं. दुसरं पाळताना त्यांचा जीव वरखाली होत होता. वहिनींनी पाणी जास्त घातलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग पीठ जास्त झालं, तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. वहिनी मळत होत्या, घामानं निथळत होत्या, गोळा हाताला चिकटत होता, आणि त्यांना वाटत होतं की आणखी मळलं तर सुधारेल.

"पुरे," शेवटी ताईंना राहवलं नाही. "आता झाक आणि सोड. मळून मळून फुगत नाही ते. हात काढलास की फुगतं."

बोलून झाल्यावर त्या आपल्याच शब्दांकडं बघत राहिल्यासारख्या गप्प बसल्या. वहिनींनी गोळा फडक्यानं झाकला, पण पुन्हा पुन्हा फडकं उचलून बघायचा मोह काही सुटेना. मग ताईंनी डाव्या हातानं त्यांचा हात धरला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला. दोघी जणी तशाच बसल्या. एवढ्या वर्षांत एका खोलीत रिकाम्या हातांनी त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.

संध्याकाळच्या आत भाकर भट्टीतून निघाली. भाऊंनी लांब दांड्याच्या फळीवर ती बाहेर ओढली. एक बाजू उंच, एक बाजू बसलेली. चीर वाट चुकून कडेला गेलेली. उंच बाजू आगीकडं असल्यानं जवळजवळ काळी. वहिनींना रडू कोसळायचं बाकी होतं. मी पुन्हा करते, त्या म्हणाल्या.

ताई जवळ आल्या. आयुष्यभराच्या सवयीनं त्यांचा डावा हात भाकर उचलून दाराजवळच्या पाटीकडं वळला, आणि मधेच थांबला. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी कपाटातलं पांढरं फडकं मागितलं, आणि एका हातानं, जमेल तशी, ती भाकर त्यात गुंडाळली.

रविवारी सकाळी वहिनी तयार होऊन खाली आल्या तर ताई दारात उभ्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. लेकीनं नेसवलं होतं. भाऊंनी फक्त गाडीचं दार उघडून धरलं.

उपासना मंदिरातला त्यांचा बाक नेहमीचाच होता, खांबाजवळचा. ताई कडेला आणि शेजारी वहिनी. ताई बाकाच्या टोकावर टेकल्या, पाठ ताठ, जणू अजूनही भट्टीतलं काही करपत असावं आणि कोणत्याही क्षणी उठावं लागेल. पाळकांनी मेजावरचं पांढरं फडकं बाजूला केलं. भाकर सगळ्या मंडळीच्या देखत एका बाजूला झुकून बसली होती. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी एकमेकींकडं बघितलं. वहिनींना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण पाळकांनी नेहमीसारखेच आभार मानले, नेहमीसारखीच ती उचलली आणि मोडली. मोडलेल्या तुकड्यांत वाकडं कुठलं आणि सरळ कुठलं, हे कुणालाही सांगता आलं नसतं.

ताट फिरायला लागलं. मास्तर हळू वाजवत होते. आज ताट बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू झालं होतं, ते वहिनींच्या हातून ताईंकडं येत होतं, आणि ताईंचा एकच हात मोकळा होता. त्या हातानं ताट धरून पुढं द्यायचं तर तुकडा घेता येणार नव्हता. तुकडा घ्यायचा तर दुसऱ्या कुणीतरी ताट धरायला हवं होतं.

वहिनींनी स्वतःचा तुकडा घेतला. मग ताट ताईंच्या समोर धरलं, आणि धरूनच ठेवलं.

"मागच्यांना दे," ताई कुजबुजल्या.

वहिनी हलल्या नाहीत. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. आयुष्यात नणंदेचा एक शब्द मोडायचा असेल तर तो हाच, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"वाकडी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "घरचीच आहे, ताई."

ताईंनी ताटाकडं बघितलं. त्यांच्या ओंजळीत आज काही नव्हतं. करून आणलेलं काही नाही, पुढं ठेवायला काही नाही, एक हात गळ्यात आणि एक रिकामा. वहिनींनी त्यांना विटा उचलताना पाहिलं होतं, बाबांना खांदा देताना पाहिलं होतं. पण त्या रिकाम्या हाताला ताटापर्यंत यायला जेवढं बळ लागलं, तेवढं त्यांनी ताईंना कधी लावताना पाहिलं नव्हतं. हात आला. पिठानं आणि आगीनं जाड झालेल्या बोटांनी एक तुकडा उचलला, नेमका करपलेल्या बाजूचा. ताईंनी तो तोंडात घातला आणि डोळे मिटले.

वहिनींनी ताट मागच्या बाकाकडं दिलं. त्यांना बघवत नव्हतं आणि न बघताही राहवत नव्हतं. ताईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या सावकाश, लहान मुलासारख्या, चावत होत्या.

बऱ्याच वेळानं त्या वहिनींच्या कानाशी वाकल्या.

"मीठ विसरलीस," त्या म्हणाल्या.

वहिनींनी पदर तोंडात कोंबला. हसू की रडू हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. सावरून त्यांनी शेजारी बघितलं, तेव्हा ताई मागं सरकल्या होत्या. त्यांची पाठ बाकाला टेकली होती. एवढ्या रविवारांत त्या लाकडाला ताईंची पाठ लागलेली वहिनींनी कधी पाहिली नव्हती.

शेवटचं गीत सुरू झालं. मंडळी उठून उभी राहिली. वहिनी उठायला गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर एकदम वजन आलं. ताईंना झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, प्लास्टरचा हात मांडीवर, मोकळ्या हाताची बोटं सैल पडलेली, आणि अगदी बारीक घोरणं. शाळेच्या वयापासून जिनं एक पहाट चुकवली नाही त्या बाईला भर उपासनेत, शंभर माणसांच्या आवाजात, गाढ झोप लागली होती.

वहिनी बसूनच राहिल्या. गीत संपलं. मास्तरांनी कधी नव्हे ते वळून बाकाकडं पाहिलं, आणि पुन्हा तेच कडवं वाजवायला घेतलं, आणखी हळू. मंडळी पांगायला लागली. भाऊ रिकामं ताट मेजावर ठेवून आले आणि बहिणीकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, उठवू का?

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "भट्टी कुठं पळून चाललीय."